उतार चुकलाच होता!

चहा घ्या, सांगतो. पण मध्ये हसायचं नाही. हसायचंच असेल तर कप खाली ठेवून हसा, नाहीतर ठसका लागेल आणि त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फुटेल. सध्या आमच्या धायरीच्या बिल्डिंगमध्ये सगळी खापरं माझ्यासाठीच राखून ठेवलेली आहेत.

आणि हो, एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो. मी माती खाल्ली, हे कबूल. अगदी पोटभर खाल्ली. पण बाथरूमचा उतार चुकला होता तो चुकलाच होता! त्यात मी एक इंचही मागे सरणार नाही.

जन्मभर मी ऑडिट खात्यात नोकरी केली. लोकांच्या चुका काढायच्या आणि वर त्याचा पगार घ्यायचा! अशा माणसाने घरात बाथरूमचं काम काढलं, तर काय होणार सांगा? पण काम हौसेने नव्हतं काढलं. माझी थोरली बहीण, अक्का, साताऱ्याला असते. गेल्या दसऱ्याला ती आमच्याकडे आली आणि बाथरूममध्ये साचलेल्या पाण्यात पाय घसरून पडली. गुडघ्याचं ऑपरेशन करावं लागलं. ती पडल्याचा तो आवाज अजून माझ्या कानातून जात नाही. तेव्हाच ठरवलं, पुढच्या दसऱ्याला अक्का येईल ती कोरड्या फरशीवरच पाय ठेवील.

काम दिलं दत्ताभाऊंना. धायरी गावातले जुने रहिवासी. आमची बिल्डिंग जिथे उभी आहे तिथे पूर्वी त्यांच्या चुलत्यांची ज्वारी होती म्हणे. त्यामुळे आमच्या घरात वावरताना त्यांच्या चेहऱ्यावर मूळ मालकाचा भाव असतो. मी आपलं तात्पुरतं कूळ!

काम संपलं. फरशी चकाचक, भिंतीला अक्कासाठी धरायला दांडा, सगळं झक्क. मी पहिल्या आंघोळीचा मान घेतला. अंगावर तांब्या ओतला आणि पाणी निघालं. जाळीकडे नाही हो! दाराकडे. उंबरा ओलांडला, हॉलमध्ये शिरलं आणि माझी आंघोळ उरकायच्या आत टीव्हीसमोर जाऊन बसलं.

मी टॉवेलवरच फोन लावला. "दत्ताभाऊ, तुमचं पाणी हॉलमध्ये आलंय."

"काका, बाथरूम नवीन हाय. सापडंल त्याला वाट हळूहळू."

ऐकलंत? पाण्याला वाट सापडेल! म्हणजे पाण्याला रोज हाताला धरून जाळीपर्यंत सोडून यायचं का मी? मी इतका बोललो, इतका बोललो, की शेवटी ते म्हणाले, "बरं, उद्या येतो. पाणी सोडून बघू. चुकलं आसंल तर फोडून परत करून देतो. मग तर झालं?"

दुसऱ्या दिवशी ते आले दोन गवंडी घेऊन. आणि नेमका त्याच सकाळी बिल्डिंगचा पंप बंद पडला. नळाला थेंब नाही.

दत्ताभाऊ कोरड्या फरशीकडे बघत म्हणाले, "आता वो काय बघायचं? पाणी आलं की बोलवा."

"बादली ओता एक!"

"बादलीनं काय कळतंय? चांगलं धो धो पाणी सोडाय लागतं."

आणि भरून ठेवलेल्या बादलीवर आमची ही हात ठेवून उभी. "अहो, यातला एक तांब्या जरी ओतलात ना, तर आज स्वयंपाक तुम्हीच करा. तोही कोरडा."

दत्ताभाऊ गेले. मी धुमसत होतो. हा माणूस आता दसऱ्यापर्यंत तोंड दाखवणार नाही, अशी माझी शंभर टक्के खात्री. अक्का येणार, परत पाय घसरणार! थोड्या वेळाने दार उघडतो तो काय, आमच्या चपलांच्या स्टँडपाशी एक जाड कापडाची पिशवी. उघडून पाहिली. आत हत्यारं! पाने, पकडी, हातोडी, करवत. गवंडी विसरून गेले होते.

माझ्यातला ऑडिटर ताडकन उभा राहिला. मी पिशवी उचलली, आत आणली आणि दिवाणाखाली सरकवली. जप्ती! काम नीट करून द्या आणि हत्यारं घेऊन जा.

ही वाकून बघत होती. "अहो, पण यात थापी कुठे आहे? गवंड्याकडे थापी नको? ओळंबा नको?"

"थापी असती तर उतार चुकला असता का? थापीशिवाय केलंय, म्हणून तर ही अवस्था!" मी म्हणालो. काय बिनतोड उत्तर होतं! ही गप्प झाली. आमच्या लग्नात हा प्रसंग फार क्वचित येतो, त्यामुळे मी दिवसभर खुशीत होतो.

संध्याकाळी दत्ताभाऊंना फोन केला. आवाजात जरब आणली. "दत्ताभाऊ, तुमचं सामान माझ्या ताब्यात आहे. लक्षात असू द्या."

तिकडून शांतपणे उत्तर, "आसू द्या की काका. तुमच्याकडं हाय म्हंजे आमच्या घरातच हाय."

मी चाटच पडलो. काय मुरलेला माणूस! रोजीरोटीची हत्यारं गेली तरी ढिम्म. तो बाल्कनीत पडलेल्या त्याच्या फुटक्या घमेल्याबद्दल बोलत होता, हे मला फार नंतर कळलं. पण तेव्हा मी चिडून आणखी घट्ट झालो. बघू कोण आधी वाकतं!

इकडे पंप काही सुरू होईना. टँकर यायचा तो खालच्या टाकीत ओतून जायचा, आणि तिथून ज्याने त्याने आपापली बादली वर न्यायची. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर. लिफ्ट चालू होती. पण 'लिफ्टमधून पाण्याच्या बादल्या नेऊ नयेत. जिने शोभेसाठी बांधलेले नाहीत' ही पाटी तिथे लावलेली. कुणी? तुमच्या याच मित्राने! मागे एकदा लिफ्टमध्ये पाणी सांडलं होतं म्हणून मी भांडून लावून घेतली होती. आता तत्त्वाचा माणूस स्वतःची पाटी कशी मोडणार? तत्त्व आणि बादली दोन्ही घेऊन मी जिने चढत होतो. खांदे निखळायची वेळ आली.

मग सगळा राग आमच्या सेक्रेटरीवर. सेक्रेटरी म्हणजे चिन्मय, तिसऱ्या मजल्यावरचा आयटीवाला पोरगा. सोसायटीच्या ग्रुपवर त्याला झापलं असतं, पण ग्रुपमधून मी निषेध म्हणून बाहेर पडलो होतो. कशाचा निषेध ते आता आठवत नाही, पण निषेध कायम आहे. म्हणून मी त्याला रोज जिन्यात गाठायचो.

"काय सेक्रेटरी, पंप दुरुस्त होणार, की आम्ही मुळा-मुठेवर जायचं आंघोळीला?"

"काका, प्लीज, एक मिनिट ऐका ना. पंपवाला रेडी होता, पण ॲक्च्युअली त्याची..."

"त्याची अडचण, त्याचं लग्न, त्याची म्हैस! मला कारणं नकोत. पाणी हवंय!"

"अहो काका, तेच सांगतोय. त्याची ना..."

"पुरे!"

मी बादली उचलून वर. मागे वळून बघितलं नाही. एवढंच नाही, जिन्यात भेटेल त्याला थांबवून सांगत होतो, "या पोरांना सोसायटी चालवता येत नाही. एक पंप दुरुस्त होत नाही, म्हणजे काय?" लोक मान हलवायचे. काही जण तर म्हणाले, "काका, तुम्हीच सेक्रेटरी व्हा." आणि मी मनात विचार करायला लागलो होतो हो!

आणि अशी खंडेनवमी उजाडली.

सकाळी ही म्हणाली, "अहो, ती हत्यारं घरात आहेत. आज त्यांची पूजा करायला हवी."

"शत्रूच्या शस्त्रांची पूजा?"

"भांडण माणसाशी आहे, हत्यारांनी काय केलंय? आणि त्या बिचाऱ्याच्या घरी आज पाट रिकामा असेल."

ते मात्र मला पटलं. आपण पुणेरी आहोत, दुष्ट नाही. पिशवी बाहेर काढली. पाने, पकडी ओल्या फडक्याने पुसून पाटावर मांडली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं वाहिली, नारळ ठेवला. दाराला तोरण, दार सताड उघडं. पूजा इतकी देखणी झाली की क्षणभर मला माझ्याच मोठेपणाचं कौतुक वाटलं.

तेवढ्यात दारात कोण? दत्ताभाऊ! कपाळाला टिळा, हातात प्रसादाचा पुडा.

मनात म्हटलं, आला! वाकला! पूजेला हत्यारं नाहीत म्हणून आला शरण! मी पुढे होऊन म्हणालो, "या. मला माहीत होतं तुम्ही येणार."

"म्हंजे काय, पूजा झाली, म्हटलं काकांना प्रसाद द्यावा."

"पूजा? कशाची पूजा केलीत?"

"हत्यारांची की! आज खंडेनवमी न्हवं का?"

मी नाटकात पडदा वर करतात तसा हात केला आणि पाट दाखवला. "मग ही काय आहेत?"

दत्ताभाऊ वाकले. बघितलं. पाटाला नमस्कार केला. मग म्हणाले, "छान मांडलंय. पर काका, ही माझी न्हाईत. माझी घरी पाटावर हायेत. आन् गवंडी ह्यो एवढा मोठा पाना घिऊन काय करंल वो?"

ही माझ्याकडे बघत होती. मी तोरणाकडे.

आता तरी मी थांबावं की नाही? पण नाही! "तुमची नाहीत तर कुणाची आहेत? माझ्या दारात काय आभाळातून पडली?" असं मी म्हणतो न म्हणतो, तोच बाहेर जिन्यात कुणीतरी खाडकन नारळ फोडला.

बाहेर डोकावलो. आमच्या चपलांच्या स्टँडपाशी एक माणूस गुडघे टेकून बसलेला. समोर उदबत्ती, झेंडूची फुलं. शेजारी चिन्मय हात जोडून.

"चिन्मय, हे काय चाललंय माझ्या दारात?"

"काका, हे गणपतराव. आपले पंपवाले. टेरेसवरचा पाइप बघायला आले होते, बॅग इथे ठेवून दोन मिनिटं खाली गेले, तर बॅग चोरीला गेली. तेच तर मी तुम्हाला रोज सांगत होतो!"

गणपतरावांनी मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं हो त्यांच्या. "साहेब, वडलांची हत्यारं व्हती. पिशवी गावल्याबिगर ह्या बिल्डिंगीत काम करणार न्हाई म्हटलं. पर आज पूजेला काहीच न्हाई. म्हणून जिथनं गेली, तिथंच नारळ फोडाय आलो."

मला काय वाटलं ते सांगू? जमीन दुभंगावी असं वाटलं. पण वरचा मजला! दुभंगली असती तरी खालच्यांच्या हॉलमध्ये पडलो असतो आणि त्यांनाही उत्तर द्यावं लागलं असतं.

मी दारातून बाजूला झालो. गणपतरावांना पाट दिसला. ते आत आले, हळदकुंकू लावलेला तो मोठा पाना बघितला आणि मला कडकडून मिठीच मारली! "साहेब, तुम्ही सांभाळून ठिवली! पूजासुदिक केली!"

चिन्मय मात्र सांभाळून ठेवणाऱ्याकडे नुसता बघत राहिला. त्याच्या नजरेत त्या सगळ्या बादल्या होत्या.

मी घाईघाईने म्हटलं, "गणपतराव, घ्या हत्यारं आणि चला पंपाकडे! अक्का येणार आहे संध्याकाळी."

गणपतरावांनी कानाला हात लावले. "न्हाई न्हाई साहेब. पुजलेल्या हत्याराला आज हात लावत न्हाई आम्ही. उद्या सोनं लुटलं की मग."

म्हणजे पूजा मी केली, म्हणून पाणी आणखी एक दिवस लांबलं! आणि संध्याकाळी अक्का आली. काठी टेकत, हसत. "बाळू, कुठंय रे माझी नवी बाथरूम?" मला खरंच भरून आलं. वर्षभर जिच्यासाठी धडपडलो, तिच्या आंघोळीला घरात पाणी नाही, आणि ते कुणामुळे?

दत्ताभाऊ बाल्कनीतलं आपलं घमेलं न्यायला तेव्हाच परत आले होते. तेच म्हणाले, "अक्का, उद्या सणाची आंघोळ आमच्याकडं. गावात बोअर हाय. गाडी धाडतो."

दसऱ्याच्या दिवशी अक्का गेली. न्हाऊन, पुरणपोळी खाऊन, आपट्याची पानं घेऊन दुपारी परत आली. चेहरा उजळलेला. म्हणाली, "बाळू, काय बाथरूम आहे रे त्यांच्या घरी! पाणी टाकलं की सरळ जाळीत. फरशी लगेच कोरडी! तू त्यांच्याकडूनच का नाही करून घेतलंस?"

सांगा! आता तिला कसं सांगू, की त्यांच्याकडूनच करून घेतलंय?

त्या संध्याकाळी पंप सुरू झाला. दुसऱ्या दिवशी दत्ताभाऊंनी धो धो पाणी सोडलं आणि पाणी थेट हॉलमध्ये. अर्धी बिल्डिंग बघायला उभी. दत्ताभाऊ म्हणाले, "व्हय काका, उतार चुकलाय. फोडून देतो करून." आणि चोख करून दिला. आता अक्का तिथे गाणं म्हणत आंघोळ करते.

म्हणजे माझंच खरं होतं की नाही? होतंच! सगळ्यांसमोर सिद्ध झालं! पण कुणाला त्याचं काही आहे? कौतुकाचा एक शब्द नाही!

परवा दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीबाईंचं मांजर हरवलं. ना वॉचमनला विचारलं, ना गच्चीवर बघितलं. बाई तडक वर आल्या, माझ्या दारात उभ्या राहिल्या आणि अगदी अदबीने म्हणाल्या, "काका, पूजा आटपली असेल तर आमची मनी घेऊन जाऊ का?"