अंगणात उतरवलेला गिअरबॉक्स

किस्से काय मुद्दाम गोळा करायला लागत नाय. उकिरड्यासारखं असतं. रोज थोडं पडतं नि एक दिवस बघावं तर ढीग! आमच्या नितीननं अंगणात गाडीचा गिअरबॉक्स उतरवला, त्या एका दिवसाचाच ढीग एवढा, की अजून उपसून संपत नाय.

नितीन माझा पोरगा. डोळखांब-शहापूर गाडी मारतो. चढ आला की इंजिन बोंबलायचं नि गाडी जागेवर. क्लचप्लेट गेलेली. नवी खोक्यातनं आणली, पण ती बसवायची तर आधी गिअरबॉक्स उतरवायला लागतो. आणि दुसऱ्या दिवशी म्हसा गावाला पोरगी बघायला जायचं! पोरीच्या बापानं आधीच बजावलेलं, "स्वतःच्या गाडीनं येईल तोच मुलगा बघू." गॅरेजवाला म्हणे, वेळ नाय.

"बाबा, घरीच करतो. मोबाईलमध्ये सगळं दाखवतात."

"मोबाईलमध्ये बाळंतपण पण दाखवतात. तुझ्या आईनं तुला तसा काढला काय रे?"

पण ऐकतो कोण!

*

गाडी जॅकनं उचलली नि खाली काय लावलं? विटा! वर एवढं लोखंड, खाली माणूस झोपणार, मधी विटा!

मी ओरडलो, "अरे, पाणी तापवायच्या चुलीला पण दगड लावतात!" पडवीतले सागाचे ओंडके मीच ढकलत आणले.

*

ऑइल काढायला नितीननं हाताला लागेल ते भांडं ठेवलं. थोड्या वेळानं त्याची आई भाकऱ्यांसाठी परात शोधते, तर परातीत काळं तेल!

तिनं पिठाचा डबा परत फळीवर ठेवला. मग म्हणाली, "बरं झालं. आज गिअर खा!"

*

बाळू माझा मेव्हणा, खर्डीचा. अंगानं काडी, तोंडानं पैलवान. गाडीखाली शिरला. "भावजी, मी छातीवर झेलतो. किती वजन असणार?"

नितीननं शेवटचा बोल्ट सोडला. धप्प!

वाकून बघतो तर बाळू दिसेना, नुसता गिअरबॉक्स. म्हटलं, गेला! आता बायकोला काय सांगू?

तेवढ्यात खालून बारीक आवाज आला, "नितीन... गाडीवरनं निघाला ना रे?"

"निघाला, मामा!"

"मंग आता माझ्यावरनं काढ."

*

ते धूड बाहेर ओढायला नितीननं पाट घेतला. गणपतीचा! आता माझी बायको लाटणं घेऊन येणार, असं मी धरूनच चाललो. ती आली कुंकू घेऊन. गिअरबॉक्सला टिळा लावला.

"पाटावर बसला ना? मंग तसाच कसा उचलता?"

त्यातच पोरीच्या बापाचा फोन. नितीन म्हणतो, "हो हो, गाडीनंच येतो!"

गाडीची आतडी अंगणात पडलेली नि हा म्हणतो गाडीनंच येतो!

*

संध्याकाळी गिअरबॉक्स परत वर चढला. नारळ फोडला. नितीननं गाडी घरासमोरच्या चढाला घातली.

इंजिन बोंबललं. गाडी जागेवर!

नितीन उडी मारून खाली उतरला. "मामा, गाडीखाली मला नवीच प्लेट दिलीस ना?"

"गोणपाटावर होती ती दिली. चांगली पुसून ठेवलेली."

"पुसून? नवी कोण कशाला पुसेल? ती जुनी! नवी खोक्यात होती!"

"खोका तर रिकामा. मला वाटलं, तूच काढून ठेवलीस."

बाळू खोक्यात हात घालून परत परत चाचपतोय!

तेवढ्यात बायको घरातून ताट घेऊन आली. ताटात नवी कोरी क्लचप्लेट. हळद, कुंकू, वर जास्वंद.

"अवो, पूजा झाली हिची. आता बसवा म्हनावं!"