बैऱ्याचा शिंपी

अमडापुरात इंद्रभान शिंप्याला सगळे 'बैरावाला' म्हणत आणि वर कानाला हात लावून हसत. वऱ्हाडात बैरा म्हणजे बहिरा. इंद्रभानचे कान चांगले तल्लख होते. बैरा हे आफ्रिकेतल्या पोर्तुगीज मुलखातलं बंदर, तिथल्या प्रांताचं मुख्य ठाणं. मिसरूड फुटायच्या वयात एका कापडवाल्याबरोबर तो तिकडं गेला आणि तिथलाच झाला.

गिऱ्हाईक टेकलं की तो शहर सांगायला लागे. दलदलीत भर घालून वसवलेलं, समुद्राहून जेमतेम उंच. ओहोटीला पाणी इतकं मागं सरे, की होड्या चिखलात आडव्या पडत. दीपस्तंभाखाली एक गंजकं जहाज रुतलेलं. आतल्या मुलखातून तांबं भरून येणाऱ्या आगगाड्या. गोऱ्यांचे रुंद रस्ते, काळ्यांच्या बोरूच्या झोपड्या, अन् मधल्या गल्लीत त्याचं घर. घरात तिथलीच बायको आमेलिया आणि सहा वर्षांची लिदिया. लोक जहाजापर्यंत मजेत ऐकत. घर आलं की त्यांना कामं आठवत.

आपलं सैन्य गोव्यात शिरलं तेव्हा अमडापुरानं साखर वाटली. वाटणारच, त्यात गावाचा काय दोष! पण तिकडं पोर्तुगिजांनी हिंदी माणसं धरधरून छावणीत कोंडली आणि पुढं बोटीत घालून हाकलली. बायको-पोर त्यांची रयत, ती मागंच राहिली. बासष्ट साली इंद्रभान विधवा बहिणीच्या, गोजरबाईच्या, दारात एकटा उतरला.

त्याच दिवाळीला त्यानं लिदियासाठी निळा झगा शिवला, पांढऱ्या गोटाचा. पोस्टात नेला.

"त्या मुलखात आपलं पार्सल जात नाही," पोस्टमास्तर म्हणाला.

झगा पेटीत गेला. तरी दर दिवाळीला हा बाबा अंदाजानं माप वाढवून नवा झगा शिवायचा, पोस्टात जायचा आणि तोंड पाडून परत यायचा. बघवत नसे.

तीन वर्षांनी, भर बाजारात, त्याला पाठमोरा तो निळा झगा दिसला.

"लिदिया!" तो धावला. "लिदिया, थांब!"

पोरगी वळली नाही.

"बैरी हाये का बे ते?" कोणीतरी हसलं.

त्यानं तिचा खांदा धरला, तेव्हा पोरगी घाबरून रडायलाच लागली. शेजारच्या सिंधूची होती.

घरी गोजरबाई खाली मान घालून बसली होती. "कसर लागून राह्यली होती पेटीत, म्हून म्याच देल्ला. चुकलं काय रे माह्यं?"

"नाही बाई. तिले बरोबर बसला." त्यानं पेटी ओढली आणि उरलेले झगे तिच्यापुढं ठेवले. "हेबी देऊन टाक."

गोजरबाईनं झगे परत त्याच्याकडं सारले. "एखांदा तरी ठेव ना, तुह्या पोरीसाठी."

इंद्रभाननं झगे उलटेपालटे केले.

"कोन्त्या मापाचा ठेवू, बाई?"