बर्था तुस्कानोची स्पेनची रजा

बहरीनची राजधानी मनामा, तिथल्या एका मोठ्या हॉटेलच्या स्विचबोर्डवर बर्था तुस्कानो १९७४ साली रुजू झाली, तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. मूळची वसईतल्या भुईगावची. बापाची वाडी, वाडीत वांगी, टोमॅटो, दुधी आणि कडेनं केळी. शाळा संपवून ती मुंबईत फोर्टातल्या एका कंपनीत टेलिफोनवर बसली आणि तिथे तेरा वर्षं काढली. धाकटा भाऊ फ्रान्सिस आधीच बहरीनला एअर-कंडिशनरच्या कंपनीत स्टोअरकीपर होता. हॉटेलची जाहिरात त्यानंच पाहिली आणि बहिणीला अर्ज करायला लावला.

फ्रान्सिसचं बिऱ्हाड अरादला होतं. बायको कॅरोलिन आणि लहानगी लीना. बर्था हॉटेलच्या स्टाफ क्वार्टर्समध्ये राही आणि शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, चर्चमध्ये मिस्सा झाली की भावाकडे जेवायला जाई. तिचं लग्न झालं नव्हतं. का झालं नाही, याची भुईगावात तीन वेगवेगळी कारणं सांगत. तिला विचारलं तर ती म्हणे, "जमलं नाही," आणि आमटी वाढून घेई.

तिच्या कामाची हॉटेलात तारीफ होती. त्या काळात परदेशी फोन लागायचा म्हणजे तासन् तास खोळंबा. गिऱ्हाइकं चिडत, ओरडत. बर्थाचा आवाज मात्र एका पट्टीत चाले. जुबैदा नावाची मुहर्रकची मुलगी रिसेप्शनवर होती. ती म्हणायची, "बर्था, तू 'लाइन मफी', लाइन नाही, असं सांगितलंस तरी माणूस शुक्रन, थँक यू म्हणून फोन ठेवतो."

१९७८ मध्ये समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या प्रकल्पावर काही स्पॅनिश इंजिनिअर आले आणि कंपनीनं त्यांना याच हॉटेलात ठेवलं. त्यांतला एक विसेंते. त्याची बायको अम्पारो दर आठवड्याला व्हॅलेन्सियाहून फोन करायची. ती तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवायची. विसेंते पुष्कळदा साइटवर अडकलेला असे, मग निरोप बर्थाकडे. "साहेब ड्यूटीवर आहेत, मॅडम. सांगते त्यांना." इतकंच बोलणं. एके शुक्रवारी विसेंतेच्या पोटात भयंकर दुखायला लागलं आणि त्याला हॉस्पिटलात नेऊन अपेंडिक्सचं ऑपरेशन करावं लागलं. त्याच संध्याकाळी अम्पारोचा फोन आला. असा फोन मॅनेजरला जोडून द्यायचा, असा नियम होता. मॅनेजर जागेवर नव्हते. बर्थानं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "मॅडम, आधी हे ऐका. तुमचा नवरा बरा आहे. आता बाकीचं सांगते."

पुढचे पाच दिवस शिफ्ट संपली की बर्था हॉस्पिटलात जाऊन यायची. विसेंतेनं किती सूप घेतलं, ताप उतरला का, डॉक्टर काय म्हणाले, हे सगळं ती दुसऱ्या दिवशी अम्पारोला सांगायची. दोन वर्षांनी विसेंते मायदेशी गेला. अम्पारोची पत्रं मात्र येत राहिली आणि प्रत्येक पत्रात आमंत्रण असे: ये एकदा, ऑगस्टमध्ये ये. माझं माहेर बुन्योल नावाच्या गावात आहे. तिथे ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी सगळं गाव रस्त्यात उतरून एकमेकांना टोमॅटोनं मारतं.

हे वाक्य बर्थानं दोनदा वाचलं. बाईच्या इंग्रजीत काहीतरी घोटाळा झाला असणार, असं तिला वाटलं.

बर्थाची प्रत्येक रजा भुईगावलाच जाई. कुणाचं लग्न, कुणाची पहिली कम्युनियन, घराची कौलं, आईचं आजारपण, मग आईचा दुखवटा. महिनाभर राबून ती परत यायची ती जास्तच दमून. १९८२ च्या उन्हाळ्याआधी एका शुक्रवारी जेवताना ती म्हणाली, "या रजेत मी स्पेनला जाणार आहे."

फ्रान्सिसचा घास हातातच राहिला. "हॉटेल पाठवतंय?"

"नाही. माझी मीच जातेय."

"कोणाबरोबर?"

"कोणाबरोबर नाही."

"बाय, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? तिकडे बाबा वाट बघत असणार. आणि एकटी बाई परमुलखात फिरणार? आपल्या माणसांत काय तोंड दाखवायचं?"

"बाबांना मी लिहिलंय."

लीना तेव्हा अकरा वर्षांची होती. ती ताटावरून मान वर करून म्हणाली, "आँटी, कॅन आय कम?" कॅरोलिननं तिला डोळ्यांनी दटावलं आणि बर्थाला विचारलं, "बाय, तिथे पोटाला काय घालणार तू?"

बाबांचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. चौथी शिकलेला माणूस, अक्षर मोठं, ओळी तिरक्या. लिहिलं होतं: "तू जा. वाडी कुठे पळून जात नाही, मीही जात नाही. पाणी जपून पी." फ्रान्सिसनं ते पत्र वाचलं, घडी करून परत दिलं. विमानतळावर सोडायला मात्र तोच आला.

बहरीनमध्ये स्पेनची वकिलात नव्हती, म्हणून पासपोर्ट व्हिसासाठी कुवेतला गेला होता तो सात आठवड्यांनी परत आला. देश सोडून निघालेल्या एका इंग्रज मास्तरणीकडून बर्थानं तिची जुनी रकसॅक घेतली. पाठीवर ओझं घेऊन चालायची सवय तिला नव्हती. लहानपणी भाजीच्या टोपल्या वाहिल्या होत्या, पण त्या डोक्यावर. महिनाभर ती संध्याकाळी रकसॅकमध्ये तांदळाची पिशवी घालून क्वार्टर्सच्या गच्चीवर फेऱ्या मारत होती. खालच्या मजल्यावरच्या मुली हसायच्या. तिनं त्यांना हसू दिलं.

माद्रिदला ती उतरली तेव्हा तिच्याजवळ मनामाच्या फादरांचं एक पत्र होतं, त्यामुळे नन्सच्या वसतिगृहात खाट मिळाली. पहिले दोन दिवस ती फक्त वसतिगृहापासून चर्चपर्यंत आणि चर्चपासून वसतिगृहापर्यंत चालली. तिसऱ्या दिवशी स्वतःवरच वैतागली, रकसॅक पाठीवर टाकली आणि तोलेदोची गाडी पकडली. मग कोर्दोबा, मग ग्रानादा. दुसऱ्या वर्गाचा डबा, स्वस्तातली खोली, दुपारी पाव, चीज आणि ऑलिव्ह. लोक उकाड्यानं हैराण होऊन दुपारी दारं लावून झोपत. बहरीनचा ऑगस्ट आठ वर्षं सोसलेली बर्था तेवढ्या वेळात सगळं शहर पायाखाली घालून येई.

भाषेची तिनं धास्ती घेतली होती, पण ती भलत्याच रीतीनं सुटली. खोलीवाल्या बाईला "साबण, साबण" असं हातानं चोळून दाखवलं, तर ती "हाबोन!" म्हणत घेऊन आली. मेज म्हटलं की मेसा, बटाटा म्हटला की पताता. पोर्तुगीज वसईत ठेवून गेले होते ते शब्द इथे शेजारच्या घरी भेटावेत तसे भेटले. आणि उरलेले जुबैदाकडून शिकलेले: साखरेला सुक्कर, तेलाला जैत, ते इथे आसूकार आणि आसेइते झाले होते. अरबी शब्द स्पॅनिश कपडे घालून दुकानात उभे होते.

कोर्दोबाच्या जुन्या मशिदीत, तिच्या पोटातच बांधलेल्या कॅथीड्रलमध्ये, तिनं रविवारची मिस्सा ऐकली. लाल-पांढऱ्या कमानींच्या रांगा संपता संपत नव्हत्या. कोर्दोबाचं अरबी नाव घेऊन जुबैदानं निघताना सांगितलं होतं, "कुर्तुबाला जाशील तर माझ्यासाठी फोटो आण." बर्थानं दोन फोटो घेतले. जुबैदाला हे बघून आनंद होईल की वाईट वाटेल, ते तिला ठरवता येईना. कुणाशी तरी बोलावंसं वाटलं, आणि बोलायला कुणी नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा तिला एकटं वाटलं. बाकडावर बसून तिनं बाबांना लांबलचक पत्र लिहिलं.

व्हॅलेन्सियाला ती ठरल्यापेक्षा एक दिवस उशिरा, मंगळवारी संध्याकाळी पोचली, कारण ग्रानादाहून गाडी चुकली होती. अम्पारोचा फोन कुणी उचलेना. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी गेली तर कुलूप. शेजारीण एवढंच म्हणाली, "बुन्योल, बुन्योल." बर्थाकडे माहेरचा पत्ता नव्हता, चर्चच्या जवळ इतकंच ठाऊक होतं. ती बसमध्ये बसली.

बुन्योलच्या गल्ल्यांत बायका दारांवर, खिडक्यांवर प्लॅस्टिकचं कापड ठोकत होत्या. जुनेपुराणे कपडे घातलेली माणसं चढावरून गटागटानं येत होती. बर्थाच्या अंगात इस्त्रीचा पांढरा ब्लाउज, खाली पॅन्ट आणि पाठीवर रकसॅक. एका म्हातारीनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, कपाळावर हात मारला, तिच्या खांद्यावरून रकसॅक ओढून काढली, स्वतःच्या घरात टाकली आणि आतून दार लावून घेतलं.

"अहो, माझा पासपोर्ट!" बर्था मराठीतच ओरडली. तेवढ्यात धडाड्दिशी बार उडाला आणि कोपऱ्यावरून पहिला ट्रक आत आला.

पहिला टोमॅटो तिच्या कानावर बसला. दुसऱ्यानं चष्मा उडाला. ती चष्मा शोधायला खाली वाकली, तर ढुंगणावर तीन-चार एकदम आले. जमीन दिसेना, नुसता लाल चिखल. लोक किंचाळत होते, हसत होते, घसरून पडत होते. ती कशीबशी एका भिंतीला पाठ लावून उभी राहिली. हातात काहीतरी लागलं होतं म्हणून डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं, तर टोमॅटो. अख्खा.

तिच्यानं तो फेकवेना. टोमॅटोच्या टोपलीला पाय लागला तरी बाबा नमस्कार करायला लावत. आणि तिला एक जुना दिवस आठवला. भाव इतका पडला होता की बाजारातून अकरा टोपल्या परत आल्या. बाबांनी त्या विहिरीमागच्या खड्ड्यात एकेक करून रिकाम्या केल्या आणि दिवसभर घरात कुणाशी बोलले नाहीत. बर्था तेव्हा दहा वर्षांची होती.

हातातला टोमॅटो तिनं बोटांनी दाबून पाहिला. देठाजवळ फुटलेला, पिचपिचीत, आंबूस वास. हा कुठल्याच बाजारात खपला नसता. हेही मग असेच परत आलेले असणार. फक्त इथल्या लोकांनी ते खड्ड्यात न टाकता असे उधळले होते, आरडाओरडा करत.

तिनं तो टोमॅटो फेकला. समोर धूसर दिसणाऱ्या एका जाड्या माणसाच्या छातीवर तो फुटला. माणसानं कमरेत वाकून सलाम केला आणि दोन्ही हातांनी परतफेड केली. "थांब मेल्या!" बर्था ओरडली, इतक्या मोठ्यानं की तिचं तिलाच नवल वाटलं. त्यानंतर तिनं किती फेकले याची गणती नाही. ती घसरून दोनदा पडली, कुणीतरी दोनदा उठवलं, आणि उठवणाऱ्यालाच तिनं मारलं. पोटात दुखेपर्यंत ती हसत होती.

दुसरा बार उडाला आणि सगळे एकदम थांबले. लोक पांगू लागले. बर्थाला आता आठवलं की चष्मा नाही, रकसॅक नाही, आणि ते दार कुठलं हेही माहीत नाही. तिनं सवयीच्या आवाजात, स्वच्छ इंग्रजीत हाक दिली, "हॅलो! एक्स्क्यूज मी! कॅन एनीबडी हिअर मी, प्लीज?"

गल्लीच्या वरच्या टोकाकडून कुणीतरी धावत आलं. "बेर्ता? बहरीनची बेर्ता?"

समोर एक बुटकी, लाल, ठिबकणारी आकृती उभी होती. "अम्पारो मॅडम?"

"मी सकाळपासून बस स्टँडवर उभी होते!" अम्पारो धापा टाकत म्हणाली. "साडी शोधत होते मी, साडी! तू साडी का नाही नेसलीस?"

"मी तर साडी कधीच नेसत नाही," बर्था म्हणाली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि तशाच रडल्या.

रकसॅक तिसऱ्या दारी सापडली. ती म्हातारी शांतपणे लसूण सोलत बसली होती. चष्मा विसेंतेनं नळी सोडून गल्ली धुताना शोधून काढला. एकच काच शाबूत होती. घराघरांतल्या बायका पाण्याच्या नळ्या घेऊन ओळख ना पाळख अशा माणसांना धूत होत्या. बर्थालाही कुणीतरी धुतलं. संध्याकाळी अम्पारोच्या आईच्या अंगणात वीस माणसांच्या पंगतीत अम्पारोनं तिची ओळख करून दिली. बर्थाला स्पॅनिश कळलं नाही, पण मध्येच विसेंतेनं शर्ट वर करून ऑपरेशनची खूण दाखवली तेव्हा सगळा उलगडा झाला.

एका काचेच्या चष्म्यानं तिनं उरलेले पाच दिवस काढले. बहरीनच्या विमानतळावर फ्रान्सिसनं पाहिल्या पाहिल्या विचारलं, "बाय, चष्म्याला काय झालं?"

"टोमॅटो लागला."

त्यानं तिची रकसॅक स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि गाडीकडे चालू लागला. अर्ध्या वाटेत त्याला हसू आवरेना.

जुबैदानं कुर्तुबाचा फोटो बराच वेळ पाहिला आणि पर्समध्ये ठेवला. पुढच्या वर्षी भुईगावला बाबांनी सगळी हकीगत ऐकून घेतली. "किती ट्रक म्हणालीस?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "निदान हसत तरी होते."

मनामाच्या चर्चमध्ये काही दिवस कुजबुज झाली. मग त्यातल्याच दोघी-तिघी व्हिसाला किती दिवस लागतात हे विचारायला तिच्याकडे आल्या. १९८५ च्या थंडीत अम्पारो दहा दिवस बहरीनला आली आणि हट्टानं अरादला फ्रान्सिसकडेच राहिली. बर्था पुढे एकटीच लिस्बनला गेली, इस्तंबूलला गेली. दर वेळी कॅरोलिनला म्हणे, "चल." कॅरोलिनला दर वेळी काहीतरी अडचण असे.

१९८८ मध्ये मात्र दोघी आठवड्यासाठी कैरोला गेल्या. कॅरोलिननं पिरॅमिड बाहेरूनच पाहिले, आत जायला साफ नकार दिला. उंटावर ती दोनदा बसली.