मठाबाहेर बसलेली विनोदिनी

पेडण्याच्या टोकाला, जिथे गोवा संपून महाराष्ट्र लागतो, त्या वाडीवर मी जुना कातळमठ पाहायला गेलो होतो. कधीकाळी तिथे भिक्षू राहत. आता एक सभागृह उरलंय, चार कोठड्या आणि मागे कातळात आत शिरणारी अरुंद वाट.

मठाच्या पायऱ्यांवर विनोदिनी बसली होती. केस पूर्ण पिकलेले, मांडीवर पाण्याचा तांब्या. तिने मला मठ दाखवला, पण त्या वाटेपाशी नेलं नाही.

लग्नानंतर वर्षभरातच तिचा नवरा अविनाश काजूच्या झाडांना घालायला वटवाघळांचं खत आणायला त्या वाटेने आत गेला. बाहेर आला नाही. गावकऱ्यांनी दोर बांधून शोधलं. थोडं आत गेल्यावर वाट कातळालाच भिडत होती. तिथे फक्त त्याची टोपली सापडली. काही दिवसांनी दुपारी आतून त्याची हाक आली, तहानेने पाणी मागणाऱ्या माणसासारखी. तेव्हापासून ती रोज तांब्या आत ठेवायची. संध्याकाळी तो रिकामा असायचा. माहेरच्यांनी दुसरं लग्न करून द्यायचं म्हटलं, तिने ऐकलं नाही.

ती सांगत असतानाच मी तो आवाज ऐकला. विशीतल्या तरुणाचा, अगदी जवळून. "विनू, पाणी हाड गे."

मी दचकून वाटेकडे वळलो. ती मात्र शांतपणे उठली आणि तांब्या ठेवून आली.

पुढच्या उन्हाळ्यात गेलो तर तिच्या घराला कुलूप. विनोदिनी सर्वणला बहिणीकडे राहायला गेली होती. तिथे ती भेटली, वालीच्या मांडवाखाली शेंगा तोडत होती. म्हणाली, शेवटी एक दिवस धीर करून ती स्वतःच आत गेली. अंधारात त्याला हाक मारली.

मग आवाज आदराने म्हणाला, "कोण गे तुमी, आजये? माजी बायल भायर बसली आसा. तिका पाणी हाडूक सांगशात?"

ती तांब्या तिथेच ठेवून परतली आणि दुसऱ्या दिवशी वाडी सोडली.

"तू कोण ते सांगितलं नाहीस?" मी विचारलं.

तिने शेंगांची टोपली माझ्याकडे सरकवली. "सांगून काय करतलंय? तेका वाटता, मी अजून भायरच बसलंय."