खाऱ्या मातीतली तार

लढाईच्या वर्षांत शहाद्याला आमच्या गल्लीत रेडिओ एकच होता, आमचा. माझे यजमान कापसाच्या जिनिंगमध्ये मिस्त्री होते. रेडिओची बॅटरी ते तिथल्या इंजिनावर भरून आणत. केंद्रं सगळी लांबची, आवाज क्षीण. म्हणून धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, दोन बांबू उभारून त्यांच्यामध्ये तांब्याची तार ताणली होती. तिथून एक तार धाब्यावरून सरपटत खिडकीतून घरात येई. तिच्यावरचं सुती वेष्टण जागोजागी झिजलं होतं. येताजाता सगळे तिला अडखळायचे.

पलीकडच्या घरात पिंजारी आणि त्याची बायको, गल्लीची चाची, राहत. त्यांचा थोरला मुलगा पलटणीत मोटार चालवायला गेला होता. सिंगापूर पडलं आणि त्याची खबर येणं थांबलं. वर्ष उलटलं. मग एक दिवस बडोद्याच्या कुणा अनोळखी गृहस्थाचं गावच्या पोस्टमास्तरांच्या नावे कार्ड आलं. जपानी केंद्रावरून कैद्यांचे निरोप वाचतात, त्यात शहादा हे गाव ऐकू आलं, पण नाव खरखरीत गेलं. तेच निरोप येत्या गुरुवारी संध्याकाळी साडेसातला पुन्हा वाचणार आहेत. गावातून दुसरंही एक पोर त्याच पलटणीत होतं, त्यामुळे निरोप कुणाचा ते कळेना. चाचीला अक्षरओळख नव्हती, पण मुलाचा पलटणीतला नंबर तिला तोंडपाठ होता. शेवटचे आकडे चार, सात, दोन.

गुरुवारी सातलाच चाची येऊन बसली. काय ऐकावं लागेल या धास्तीने पिंजारी घरीच बसला. शत्रूचं केंद्र ऐकू नका, असं फौजदार गल्लीत बजावून गेला होता, म्हणून मी दार लावून घेतलं. यजमानांनी बटण फिरवलं. नुसती फुसफुस. रेडिओची दुसरी तार जमिनीत पुरलेली होती, तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं, तरी तेच.

"मुंबईबी लागत नही," ते म्हणाले. "काल तं चांगली लागे."

ते कंदील घेऊन धाब्यावर गेले आणि खाली आले. बांबू उभे, तार ताठ, कुठे तुटलेली नाही. घड्याळात सात वाजून वीस.

"आज धाबावर काय करं तू?"

पावसाळ्याआधी आमच्याकडे धाब्यावर खारी माती पसरतात, पाणी शिंपडतात, बडवून घट्ट करतात, म्हणजे छत गळत नाही. त्या दुपारी दोन बाया लावून मी ते काम उरकलं होतं. आणि पायात येणारी ती तार, नीटनेटकं दिसावं म्हणून, मातीखाली दाबून टाकली होती. माती अजून ओली होती. खारट ओल आणि उघडी पडलेली तार. जे काही वरून येत होतं ते सगळं माझं छत पिऊन टाकत होतं.

"तार मातीखाल शे," मी म्हणाले आणि खुरपं घेऊन जिना चढले.

बडवलेली माती खुरप्याला दाद देईना. तार तुटली तर सगळंच संपलं, म्हणून जोर लावता येईना. अर्ध्यावर आल्यावर खुरपं टाकलं आणि नखांनी उकरलं. खालून यजमानांचा आवाज आला, "सुरू व्हयी गयं व्हई! लवकर!" हातभर, मग आणखी हातभर. बाहेर आलेली तार पदराने पुसली, धाब्यावरची बाज ओढली आणि तिच्यावर तार उचलून ठेवली.

खालून खरखर ऐकू आली. त्या खरखरीतून कुणी माणूस बोलत होता.

मी खाली आले तेव्हा किती निरोप होऊन गेले ते कुणालाच माहीत नव्हतं. चाचीने कान रेडिओच्या जाळीला लावला होता. आवाज वर येई, खाली बुडे. हिंदुस्थानीत एकेक नंबर, गाव, निरोप. लाहोर. सातारा. मग बराच वेळ नुसता समुद्र. मग "...चार, सात, दो. शहादा. मैं खैरियत से हूँ. अम्मा फ़िक्र न करे..." आणि पुन्हा खरखर.

मग चाचीने माझ्या मातीने भरलेल्या हातांकडे पाहिलं. "जित्ता पोऱ्याले माती दी ऱ्हायंती व माय तू!"

"चुकनं मन्हं, चाची."

"तो बोली ऱ्हायंता, तो मन्हा पोऱ्या नही ना?"

"नही. वाचणारा दुसरा शे. निरोप लिखेल ऱ्हास."

"मन्हा पोऱ्याले लिखता येत नही. मंग हाई कोन लिखं?"

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. यजमानांनी रेडिओ बंद केला.

"दुसरानी लिखं व्हई," मी म्हणाले. "पन नंबर दुसराले कसा याद ऱ्हाई? त्यानीच सांगा व्हई."

ती दार उघडून गेली. मी हात धूत होते तेव्हा भिंतीपलीकडून तिचा आवाज आला.

"खुशाल शे. जेवाले बठ."

लिहिणाऱ्याबद्दल ती नवऱ्याला एक शब्दही बोलली नाही.