चष्मेवाल्याचे स्वच्छ फोटो

चष्मेवाल्याला दोनच गोष्टी जमत: लोकांना स्वच्छ दिसेल असं करणं आणि विमानांचे स्वच्छ फोटो काढणं. सुट्टीच्या दिवशी कॅमेरा आणि छोटी शिडी घेऊन स्वारी विमानतळाच्या कुंपणाशी हजर. शिडी तारेच्या वर डोकं काढायला. त्याच्या हौशी छायाचित्रकार मंडळाचा नियम कडक होता. फोटोत विमान अख्खं हवं आणि विमानाशिवाय काही नको. खांब नको, इंधनाचा टँकर नको, शेजारच्या विमानाची शेपटी तर मुळीच नको. एकदा पंखाखालून बादली डोकावली म्हणून मंडळानं फोटो परत पाठवला. चष्मेवाल्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. बादली होतीच.

खांब आड आला तर तो शिडी हातभर सरकवून खांब शेपटीमागे दडवायचा. टँकर आला तर जाईपर्यंत थांबायचा. एवढं करूनही जे आत घुसेल ते घरी संगणकावर कडेनं कापायचा आणि मूळ फोटो पुसून टाकायचा. कचरा जपून ठेवणाऱ्यांतला तो नव्हता.

या कचऱ्यात त्याचा सख्खा थोरला भाऊ होता. दादा विमानात सामान चढवायचा. नारिंगी जाकीट घालून तो नेमका विमानाच्या नाकापाशी नाहीतर शेपटीपाशी येऊन उभा राहायचा. "हलत का नाही हा?" चष्मेवाला शिडीवर पुटपुटायचा. घरी मात्र थोरल्यापुढे ब्र काढायची सोय नव्हती. त्यापेक्षा निमूट कापणं सोपं.

मग दादा निवृत्त झाला. कामावर कॅमेरा न्यायला बंदी, त्यामुळे जाकिटातला त्याचा एकही फोटो घरात नव्हता. निरोपाच्या जेवणाला तो सगळ्यांना छातीठोक सांगत सुटला, "आमचा धाकटा दर सुट्टीला माझे फोटो काढायला यायचा. ढीगभर आहेत त्याच्याकडे. उगाच नाही मी भांग पाडून उभा राहायचो!"

चष्मेवाल्यानं पानात मान घालून आणखी भात मागितला.

दुसऱ्या दिवशी दादा आणि वहिनी दारात. "इतकी वर्षं हे तिथं कसे दिसायचे, एकदा बघू द्या हो भाऊजी," वहिनी चष्मा पुसत म्हणाली. चष्मेवाल्यानं सकाळपासून संगणक पालथा घातला होता. जाकिटाची बाहीसुद्धा सापडली नव्हती. काम चोख होतं.

त्यानं छापलेले फोटो टेबलावर मांडले. "दादा, मंडळाचा नियम होता रे. मी तुला कापलं. सगळ्यांतून."

दादानं एकेक फोटो उचलून पाहिला. विमानं खरोखरच झकास आली होती. चष्मेवाला मान खाली घालून बोलणी खायला तयार झाला. दादानं एक फोटो वहिनीपुढे सरकवला आणि त्याच्या कडेबाहेर, टेबलाच्या लाकडावर बोट टेकवलं.

"हा मी इथं. त्या दिवशी पियानो आला होता. चौघांनी उचलला."

वहिनी वाकून लाकडाकडे बघू लागली. दादानं दुसरा फोटो घेतला. बोट पुन्हा बाहेर, पंखाच्या टोकापाशी.

"आणि हा इथं. मुलगी झाल्याचा फोन नुकताच आला होता. दोन्ही हात वर करून ह्यालाच सांगत होतो."

चष्मेवाल्याला ते हात आठवले. बोटं पंखाला लागत होती, म्हणून कापायला फार वेळ गेला होता.