तांबड्या बत्तीचं निमित्त

अण्णा गेल्याची बातमी शिवानं आणली. माझ्या दारात त्यानं स्कूटर थांबवली, पण खाली उतरला नाही. हाताला गाड्यांचं काळं तसंच होतं. "हुमनाबादहून फोन आला होता, अक्का. सकाळीच गेले म्हणे," एवढंच त्यानं सांगितलं. मग खाली बघत म्हणाला, "मी आलो तर चालंल का गं तिथं?" सख्ख्या भावाला माती द्यायला जायचं, तर पन्नाशीला टेकलेला माणूस बहिणीला परवानगी विचारत होता... मला रडू आलं ते आधी त्या प्रश्नाचं. अण्णांचं नंतर आलं.

आम्ही तिघं भावंडं. अण्णा थोरले, हुमनाबादला त्यांची धान्याची आडत. मधली मी, बीदरला शाळेत शिकवायची. धाकटा शिवा. वडील लवकर गेले, त्यामुळं शिवाला अण्णांनीच खांद्यावर घेऊन वाढवलं. त्याला तागडीपेक्षा दुकानापुढं उभ्या असलेल्या ट्रकांचं वेड. त्यानं बीदरला, शेजारच्या कोळार गावाच्या रस्त्यावर गाड्या दुरुस्तीचं गॅरेज काढलं, तेही अण्णांनी कुरकुरत का होईना खपवून घेतलं. पण त्यानं कमठाण्याच्या रत्नाशी लग्न केलं, आणि सगळं तुटलं. रत्ना बौद्ध घरातली. शिकलेली, शांत, कामाला वाघीण. आमच्या लिंगायत घरी संध्याकाळी शरणांची वचनं म्हटली जायची आणि जातपात मानू नये हे आम्हाला अण्णाच समजावून सांगायचे. त्याच अण्णांनी सांगितलं, "त्यानं माझ्या दारात यायचं न्हाई. मी त्याच्या घरात पाऊल टाकणार न्हाई." मी भांडले, अबोला धरला, पुन्हा बोलायला लागले. अण्णा हलले नाहीत. शब्द दिला की दिला, असा त्यांना स्वतःचा मोठा अभिमान. मला त्या अभिमानाची तेव्हाही चीड होती आणि आजही आहे.

अशी काही वर्षं गेली. मग अण्णांनी जुनी गाडी घेतली, आणि एकदा निर्ण्याहून तुरी बघून येताना तिच्या पुढच्या फळीवर तांबडी बत्ती लागली, तेलाची. ती लागली की गाडी जागच्या जागी थांबवायची, नाहीतर इंजिन बसतं, एवढं अण्णांना ठाऊक होतं. हुमनाबादच्या मिस्त्रीनं तेल बदललं. बत्ती विझेना. दुसऱ्यानं आणखी काय काय बदललं. बत्ती आहे तिथंच. शेवटी एका रविवारी, मी शिवाकडं जेवायला गेलेली असताना, ती पांढरी गाडी गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली. शिवा पाना हातात धरून नुसता बघत राहिला. अण्णा उतरले आणि पहिलंच वाक्य बोलले, "गाडी आलीय. मी आलो न्हाई."

गॅरेज पुढं, मागं उघडं अंगण आणि अंगणापलीकडं घर. मधे भिंत नाही. गॅरेजमधल्या बाकावर अण्णा बसले ते घराकडं पाठ करून. गाडीही त्यांनी बाकासमोर आडवी लावायला लावली. सगळी वाट अडली. "अण्णा, दुसऱ्यांच्या गाड्या कशा काढू?" शिवानं विचारलं. "ऱ्हाऊ दे तशीच," अण्णा म्हणाले. मला वाटलं, जातील तिथं मालकी गाजवायची खोड, दुसरं काय!

शिवानं दांडी काढून तेल बघितलं, बरोबर होतं. तेलाचा दाब ओळखणारा स्विच काढून त्या जागी काटा लावला, इंजिन चालू करून दाब मोजला. तोही बरोबर. नवा स्विच बसवला, तरी बत्ती तांबडी ती तांबडीच. मग तो गाडीखाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आला तो सरळ चुलीपाशी हात धुवायला. मी आणि रत्ना तिथंच होतो. हळू आवाजात म्हणाला, "इंजिनाला कायबी झालं न्हाई. बत्तीची तार घासून उघडी पडलीय. लोखंडाला टेकली की बत्ती लागायलीय."

"मग बांधा की," रत्ना म्हणाली.

"आज बांधली तर अण्णा परत कामून येतील?"

रत्नानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. जिच्यापायी हा सगळा अबोला, ती ही बाई. ती म्हणाली, "मग न्हाई बांधायची."

शिवानं तारेखाली कागदाची घडी सारली आणि बाहेर जाऊन सांगितलं, "नक्की सापडंना, अण्णा. परत लागली तर घेऊन या." परत लागणारच होती. हुमनाबादच्या रस्त्यावरचे खड्डे आमच्या बाजूचे होते. चार-आठ दिवसांत कागद गळून पडायचा आणि अण्णा हजर. "शिवा, ही तुझी बत्ती पुन्हा लागायलीय बघ!" मग गाडी बाकासमोर तशीच आडवी लावायची, बॉनेट उघडायचं, दोघांनी वाकून आत बघायचं. तेलाबद्दल बोलता बोलता अण्णा इंजिनालाच विचारल्यासारखं विचारायचे, "पोरगी कितवीत हाय?" शिवाही इंजिनाला उत्तर द्यायचा. चहा समोरच्या हॉटेलातून यायचा. एकदा रत्नानं मुलीच्या हाती पाण्याचा तांब्या पाठवला. अण्णा तिला "ठेव, बाळ" म्हणाले, पण पाणी तसंच राहिलं. तो तांब्या त्यांच्या डोक्यात घालावा असं मला वाटलं. रत्नानं मात्र तो उचलून तुळशीला ओतला आणि पुढच्या खेपेला परत भरून पाठवला.

आम्हाला वाटायचं, आज ना उद्या हा माणूस वळेल. घाई काय आहे? बत्ती आहेच की.

मग एका उन्हाळ्यात गुलबर्ग्याहून परतताना गाडीतलं तेल खरोखरच वाटेत सांडत गेलं. बत्ती लागली, पण ती तर नेहमीचीच. अण्णा गाडी चालवत राहिले आणि इंजिन जाम होऊन बसलं. एवढ्या दिवसांत बत्तीनं एकदाच खरं सांगितलं, पण तोवर तिचं ऐकण्याची सवय आम्हीच मोडली होती. शिवा दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी रत्नानंच त्याला हुमनाबादला धाडलं. दुकानाच्या पायरीखाली उभं राहून त्यानं सांगून टाकलं, "तार मला पहिल्याच दिवशी सापडली होती, अण्णा. मी बांधली न्हाई."

अण्णा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. रस्त्याकडं बघत म्हणाले, "म्हंजे आता यायचं निमित्तबी संपलं म्हण."

गाडी मोडीत गेली. हुमनाबादहून बीदरला दिवसभर बसगाड्या सुटत होत्या, अण्णा त्यातल्या एकीतही बसले नाहीत. शिवानं या म्हणायला हवं होतं, अण्णांनी बोलावण्याची वाट बघायला नको होती, आणि मी दोघांचे कान धरायला हवे होते... आता हे सगळं लिहिण्यापुरतं. मातीला शिवा आणि रत्ना दोघंही आले. वहिनींनी रत्नाचा हात धरून तिला आत नेलं. ज्यांनी न्यायचं ते अण्णा बाहेर, आमच्यातल्या मातीच्या रीतीप्रमाणं, हार घालून बसवलेले होते.

मागच्या रविवारी शिवाकडं गेले होते. स्वयंपाकाला वेळ होता म्हणून गॅरेजमधल्या बाकावर येऊन टेकले, अण्णा बसायचे तशीच, घराकडं पाठ करून. समोर कुणाची तरी काळी गाडी दुरुस्तीला आडवी उभी होती. सहज तिच्या काचेकडं नजर गेली आणि तिथंच राहिली. काचेत मागचं सगळं अंगण दिसत होतं. लखलखीत उन्हात चूल, भाकरी थापणारी रत्ना, दोरीवरचे कपडे, पायरीवर पुस्तक घेऊन बसलेली पोरगी. रत्नानं मनगटानं कपाळ पुसलं, तेसुद्धा दिसलं. मी वळले नाही. शेवटची भाकरी उतरेपर्यंत तशीच बघत राहिले.

"अक्का, चला, ताटं वाढलीत," तिनं मागून हाक मारली. काचेत ती हात पुसत, माझ्या पाठीकडं बघत, मी वळण्याची वाट पाहत उभी होती. अण्णांनाही ती अशीच उभी दिसली असणार, प्रत्येक खेपेला.